जमीन रस्त्यात गेली, घर कशात गेलं?

कोरडवाहू | शनिवार, रात्री १०:५०

लिहू की नको असं सहा महिने चाललंय. आज पोरं झोपलीत, बायको माहेरी आहे, तेव्हा लिहूनच टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव वैजापूरच्या बाजूचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर घर ओळखायला पाच मिनिटं लागणार नाहीत. घरची नऊ एकर. सहा कोरडवाहू, तीनला विहिरीचं पाणी, आणि त्या पाण्यावर मोसंबी. आजोबा २०११ ला गेले. मागे आजी, माझे वडील, काका आणि दोन आत्या. आत्यांची लग्नं कधीच झालेली, दोघी आपापल्या घरी.

गरिबी कशी होती ते एकाच गोष्टीत सांगतो. २०१२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. मोसंबीची निम्मी झाडं डोळ्यांदेखत वाळली. उरलेली जगवायला काकांनी टँकर लावला, त्यासाठी काकूची पोत गहाण पडली. पुढच्या वर्षी ती सोडवायला माझ्या वडिलांनी खोंड विकला, आणि काकूला सांगितलं की खोंड मारकुटा होता म्हणून काढला. काकूला खरं काय ते ठाऊक होतं. एका चुलीवर अकरा माणसांचं जेवण व्हायचं आणि कोणाच्या ताटात किती वाढलं हे कोणी बघत नव्हतं.

मग समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरमधला आमच्या वाट्याला आलेला तुकडा म्हणजे गटाच्या मधोमध गेलेली साडेतीन एकर. आधी अख्खं गाव विरोधात. ग्रामसभेत ठराव झाला, मोजणीवाल्यांना दोनदा परत पाठवलं. पुढे थेट खरेदीचा दर कळला. भूसंपादन कायद्यानं बाजारभावाच्या चौपट आणि संमतीनं लगेच खरेदीखत करून दिलं तर त्या रकमेवर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे पाचपट. ठराव दप्तरात राहिला आणि लोक दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांगेला लागले.

संयुक्त मोजणीच्या दिवशी मी गावात होतो. जमिनीची किंमत वेगळी, झाडांची वेगळी, विहीर, पाइपलाइन, गोठा, सगळं वेगवेगळं मांडतात. आदल्या रात्री माझा चुलतभाऊ नर्सरीतून टेम्पोभर रोपं घेऊन आला, रातोरात लावून टाकू म्हणाला. वडिलांनी टेम्पो माघारी लावला. दोन भावांत मी ऐकलेलं पहिलं मोठं भांडण ते. दुसऱ्या दिवशी काका एकेका मोसंबीला हात लावत मोजत फिरत होते आणि म्हणत होते, "हे मी जगवलेलं. हेही मीच." पाच वर्षांत त्यांच्या तोंडून 'मी' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

एकूण १ कोटी १२ लाख. दोन भावांत ५६-५६.

पुढचं तुम्ही कुठल्याही गावात बघाल. काकांकडे महिन्याभरात स्कॉर्पिओ. तिच्यावर मागे आजोबांचं नाव, पुढे 'शेतकरी'. चुलतभावाच्या वाढदिवसाचा फलक फाट्यावर, त्यात तीस डोकी, त्यातली वीस मला आजही ओळखू येत नाहीत. मग जेसीबी. रस्त्याच्याच ठेकेदाराकडे भाड्यानं लावायचा, तासावर पैसे. पहिलं वर्ष जोरात गेलं, म्हणून दुसरा कर्जावर घेतला, वर एक हायवा डंपर. आजूबाजूच्या दहा गावांत हीच अक्कल चालली होती. रस्ता पुढे सरकला तसं काम आटलं, भाडं निम्म्यावर आलं, हप्ता मात्र होता तेवढाच. फायनान्सवाल्यांनी एक यंत्र रात्रीत ओढून नेलं. दुसरं घरामागे उभं आहे, कोंबड्या त्याच्या बकेटमध्ये अंडी घालतात.

पैसे संपत आले तसं काकांना आठवलं की विहिरीची किंमत दोघांत वाटली गेली, पण विहीर खणताना दगड त्यांनी फोडला होता. मग ओटा कोणाचा. मग न्हाणीघर. घरातून भिंत गेली. ती आजीच्या देवघराला घासून गेली म्हणून आजीनं देव उचलून खाटेखाली ठेवले. दिवाणी दावा चालू आहे.

आजी २०२१ ला गेली. दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तासभर उन्हात. कोणी तरी म्हणालं, दोघा भावांनी मिळून सांगा की एकत्र राहू, म्हणजे शिवेल. दोघांनी तोंडं फिरवली. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

मला विचारायचं ते एवढंच. पोत गहाण टाकणारा माणूस आणि विहिरीतल्या दगडाचा हिशेब मागणारा माणूस एकच कसा? लोभ आधीपासून होता की पैशासोबत आला?

---

शेवटचा_बाक | शनिवार, रात्री ११:१५

कोंबड्यांचं वाचून हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. आमच्याकडे जालन्याच्या बाजूलाही हाच रस्ता, हाच जेसीबी. फक्त आमच्या जेसीबीत कुत्री व्यालीय. वाचनखूण साठवली.

---

खाडीपल्याड | रविवार, सकाळी ७:३०

तुमच्याकडे हे आत्ता आलं. आम्ही उरण-पनवेलवाले ह्यात दोन पिढ्या काढून बसलोय.

नवी मुंबई वसवायला सिडकोसाठी जमिनी गेल्या त्या सत्तरच्या दशकात, तेव्हा मिळाले ते पैसे सांगायला लाज वाटावी असे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. पुढे विमानतळाला साडेबावीस टक्के. म्हणजे आमच्या हातात जो पैसा आला त्याला रक्त लागलेलं होतं. तरी तो कसा गेला?

माझ्याच घरचं. भूखंडाच्या फाइलवर चौदा वारस. बिल्डर चौदा जणांकडे चौदा वेळा आला, प्रत्येकाला एकट्याला गाठून. एकाला सांगितलं, बाकीच्यांनी सही केली, तूच राहिलास. दुसऱ्याला सांगितलं, तुझा भाऊ आतून जास्त घेतोय. चौदातल्या एकानंही घरी येऊन विचारलं नाही की खरं काय. ही माझ्या मते मुख्य गोष्ट. आमच्यात भांडण पैशावरून नव्हतंच हो, 'त्याला आतून किती मिळाले' ह्या संशयावरून होतं. आजही आहे, बिल्डर मरून दहा वर्षं झाली.

गळ्यात किलोभर सोनं घालून हळदीला नाचणाऱ्यांवर लोक हसतात. हसू देत. मिठागरात उभं राहून ज्याच्या पायाची कातडी गेली त्याला दोन वर्षं मिरवावंसं वाटलं, तर त्यात माझ्या दृष्टीनं फार मोठं पाप नाही. वाईट ह्याचं वाटतं, की तिसऱ्या वर्षी तोच माणूस त्याच्याच जमिनीवरच्या सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन झाला.

---

पासबुक | रविवार, सकाळी ९:०५

बँकेत होतो, निवृत्त झालो. मोबदल्याचे पैसे येतात तेव्हा शाखेत काय होतं ते आतून सांगतो. बँकेचं नाव विचारू नका.

ज्या गावाचे पैसे जमा होणार त्या गावाची यादी आमच्याआधी बाहेरच्यांना माहीत असायची. गाडीच्या शोरूमचा पोरगा शाखेच्या पायरीवर बसलेला असे, त्याच्या बाजूला प्लॉटिंगवाला, त्याच्या बाजूला 'सहा महिन्यांत दुप्पट'वाला. आणि आत आम्ही. आम्हालाही विमा पॉलिसीचं टार्गेट होतं. ज्या माणसाला मी वीस वर्षं पीककर्जाच्या दारात ताटकळत ठेवलं, त्याला त्या दिवशी मॅनेजरनं स्वतः उठून खुर्ची दिली, चहा दिला, आणि साठी उलटलेल्या त्या माणसाला पंधरा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी चिकटवली. त्यानं सही केली, कारण आयुष्यात पहिल्यांदा बँकेत त्याला 'साहेब' म्हटलं होतं. फॉर्म मीच भरला होता.

तेव्हा लोभ फक्त घरातला मोजू नका. घराच्या उंबऱ्याबाहेर जो बसला होता त्याचाही मोजा.

---

सातासमुद्री | रविवार, सकाळी ११:४०

थोडं कोरडं लिहितो. '७० टक्के लॉटरीवाले काही वर्षांत कंगाल होतात' हा आकडा सगळीकडे फिरतो. ज्या अमेरिकन संस्थेच्या नावावर तो खपवला जातो तिनं २०१८ मध्ये हात झटकले, आमचा असा काही अभ्यास नाही म्हणून. तेव्हा तो सोडा.

पण फ्लोरिडातल्या लॉटरी विजेत्यांवरचा, २०११ मध्ये छापून आलेला अभ्यास खरा आहे. पन्नास हजार ते दीड लाख डॉलर जिंकलेल्यांची तुलना अगदी किरकोळ रक्कम जिंकलेल्यांशी केली. पहिल्या दोन वर्षांत मोठी रक्कमवाले कमी दिवाळखोर झाले. तिसऱ्या ते पाचव्या वर्षात तेवढेच जास्त झाले. पैशानं दिवाळं टळलं नाही, पुढे ढकललं गेलं. जेसीबीचा हिशेब बघा, तसाच आहे.

---

माहेरवाशीण | रविवार, दुपारी १:२०

फ्लोरिडा राहू द्या बाजूला. मी मूळ पोस्ट दोनदा वाचली.

आजोबांच्या मागे आजी, दोन भाऊ, दोन बहिणी, असं तुम्हीच लिहिलंय. आणि दहा ओळी खाली 'दोन भावांत ५६-५६'. मधे आत्या कुठे गेल्या?

दुसरा प्रश्न. काकांच्या ५६ लाखांचं काय झालं हे कोंबड्यांच्या अंड्यांपर्यंत कळलं. तुमच्या वडिलांच्या ५६ लाखांचं काय झालं ते कुठेच नाही.

---

शेवटचा_बाक | रविवार, दुपारी १:३२

अरे बाप रे.

---

कोरडवाहू | रविवार, दुपारी ३:१०

@माहेरवाशीण, आत्यांनी हक्कसोड दिलं होतं. स्वखुशीनं, रीतसर नोंदणी करून. दोघींना पैठणी आणि प्रत्येकी २१ हजार रुपये दिले. आमच्याकडे पद्धतच आहे ती. बहिणी माहेरच्या जमिनीत वाटा घेत नाहीत, घेतला तर माहेर तुटतं असं त्याच म्हणतात. कोणी जबरदस्ती केली नाही.

वडिलांनी पैसे जपून वापरले. त्यांचा प्रश्नच नाही इथे.

---

माहेरवाशीण | रविवार, दुपारी ३:२५

'त्याच म्हणतात.' बरं.

मी पण म्हटलं होतं. माझ्या भावानं मला गाडी पाठवून बोलावलं, वहिनीनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती, आणि जेवण झाल्यावर कागद पुढे आला. पोटात पोळी असताना 'नाही' कसं म्हणतात ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आता भाऊबीजेला ओवाळायला जाते. भाऊ पाचशेची नोट टाकतो. मी ती नोट खर्च करत नाही, एका डब्यात ठेवते. नऊ झाल्यात.

ह्याला पैशानं घर बिघडलं म्हणायचं का? माझ्या भावाचं घर उत्तम चाललंय. दोन मुलं शिकली. दारू नाही, जुगार नाही. गाव त्याचं उदाहरण देतं, 'पैसा पचवावा तर असा'.

---

काळा_कोट | रविवार, सायंकाळी ५:००

औरंगाबाद खंडपीठाच्या परिसरात काळा कोट घालून फिरतो, तेव्हा थोडा हिशेब माझ्याकडून.

महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ लाच दिला होता, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं ती लग्नाची अट गेली. वडील तेव्हा हयात असायला हवेत की नको ह्याचा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात मिटवला: हक्क जन्मानं आहे. धागाकर्त्याचे आजोबा तर २०११ ला वारले, म्हणजे इथे तो घोळही नव्हता. जमीन वडिलोपार्जित धरा किंवा आजोबांची स्वतःची, गणित सारखंच येतं. आजी, दोन मुलगे, दोन मुली. पाच समान वाटे.

१ कोटी १२ लाख भागिले पाच. २२ लाख ४० हजार.

हक्कसोडपत्राला भावाबहिणींत मुद्रांक फक्त २०० रुपये लागायचा तेव्हा, आता ५०० झालाय. कायद्यानं तो कागद पक्का आहे, स्वखुशीनं दिला असेल तर. मी फक्त एवढं विचारतो, सही करताना मोबदल्याचा आकडा दोघींना माहीत होता का? आणि कागद वाचून कोणी दाखवला?

---

हडपसरी | रविवार, सायंकाळी ६:४५

सगळं काळंच रंगवू नका. आमच्याकडे, पुण्याच्या हडपसरला, मगरपट्टा सिटी उभी राहिली. शंभरावर शेतकरी कुटुंबं, सुमारे चारशे एकर, सतीश मगरांनी जमीन विकू दिली नाही. सगळ्यांची मिळून कंपनी केली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. पैसा एकदम धबधब्यासारखा अंगावर पडला नाही, वर्षानुवर्षं येत राहिला. पोरांनी त्याच बांधकामात विटा-वाळूचे, बागकामाचे ठेके घेतले. म्हणजे मामला पैसा येतो कसा ह्याचाही आहे.

---

खाडीपल्याड | रविवार, सायंकाळी ७:०२

मान्य. पण तुमच्याकडे शहर दाराशी होतं आणि बरेचसे एका आडनावाचे, एका भावकीतले. वैजापूरच्या माळावर कोणती कंपनी काढणार? मोसंबी रस प्रायव्हेट लिमिटेड?

---

गुरुजी_निवृत्त | रविवार, रात्री ८:३०

मला ह्या धाग्याच्या सुरापासूनच थोडी अडचण आहे. 'गरिबाला पैसा पचत नाही' असं आपण फार सहज म्हणतो. पिढीजात श्रीमंतांची भावंडं कोर्टात वीस-वीस वर्षं लढतात, त्याला आपण 'वारसा हक्काचा वाद' म्हणतो. शेतकऱ्याची भावंडं ओट्यावरून भांडली की 'लोभ'. एका वर्गाचे दोष इंग्रजीत, दुसऱ्याचे मराठीत, एवढाच फरक.

मी चाळीस वर्षं खेड्यांत शिकवलं. माझं निरीक्षण सांगतो, पटलं तर घ्या. गरीब घरात वाटणी नसते असं नाही, ती रोज होते, पण अशा चलनात होते की मोजता येत नाही. एकानं दगड फोडला, एकानं खोंड विकला, एकीनं पोत दिली, एकीनं धाकट्याची शाळा व्हावी म्हणून स्वतःची सोडली. हे सगळं कोणी ना कोणी मनात लिहून ठेवलेलं असतं. त्याची बाकी कधी मागता येत नाही, कारण द्यायला कोणाकडेच काही नसतं. मोबदला आला की पहिल्यांदा सगळ्या जुन्या बाक्या एकदम देय होतात. काका विहिरीतल्या दगडाचं बोलले ते लोभानं असेलही. पण त्यांना तो दगड वीस वर्षं बोचत नसेल कशावरून?

आणि हो, ह्या धाग्यात ज्यांची बाकी सर्वांत मोठी त्यांनी अजून मागितलेलीच नाही.

---

पासबुक | रविवार, रात्री ८:४१

गुरुजी, +१. शाखेत काही बाया मोबदल्याच्या दिवशी नवऱ्यासोबत यायच्या आणि बाहेर झाडाखाली बसून राहायच्या. आत कशाला, म्हणायच्या, आमचं काय काम.

---

कोरडवाहू | सोमवार, रात्री १२:१५

काल दुपारी दिलेलं उत्तर खोडून टाकणार होतो. राहू देतो.

हक्कसोडपत्राचा मसुदा मी केला होता. वकिलाचा नमुना आणला, नावं-गटनंबर मी टाइप केले. घरात इंग्रजी-मराठी टायपिंग येणारा मी एकटाच. आत्यांना आणायला मी गेलो, माझ्या मोटरसायकलवर नाही, भाड्याच्या गाडीनं, कारण काका म्हणाले मानानं आणा. गाडीत थोरल्या आत्यानं विचारलं, "कशाची रे सही?" मी म्हणालो, "सरकारी सोपस्कार आहे आत्या, वारसांच्या सह्या लागतात, नाहीतर पैसे अडकतात."

खोटं नव्हतं. वारसांच्या सह्या लागतातच. त्या खरेदीखतावर लागतात आणि मग पैसे त्यांच्याही खात्यात येतात. हे वाक्य मी पुढे बोललो नाही.

आकडा? नाही, सांगितला नव्हता. त्यांनी विचारला नाही. आजीनं त्याच टेबलावर अंगठा दिला. धाकट्या आत्याला सही येते, ती हळू हळू अख्खं नाव काढते, मागची रांग कुरकुर करत होती. थोरलीचा चष्मा घरी राहिला होता. कागद मी वाचून दाखवला नाही. कारकुनानं "समजलं ना?" विचारलं तेव्हा "हो" मी म्हणालो.

वडिलांच्या ५६ लाखांतले ३१ लाख माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहेत. हे मी ज्या खोलीत बसून लिहितोय ती त्यातच येते. बाकीचे बहिणीच्या लग्नात आणि मुदत ठेवीत. वडिलांनी खरंच जपून वापरले. गावात लोक म्हणतात, थोरल्यानं सोनं केलं, धाकट्यानं माती केली. मीही तेच म्हणत आलो. पहिली पोस्ट लिहितानासुद्धा मला वाटत होतं की मी काकांबद्दल लिहितोय.

---

माहेरवाशीण | सोमवार, सकाळी ६:५०

वाचलं. रात्री झोप आली का तुम्हाला, हे विचारत नाही. लिहिलंत हे बरं केलंत.

तुमच्या थोरल्या आत्याला तेव्हाच कळलं असेल बरं का. बायकांना गाडी पाठवून बोलावतात तेव्हा कळतं.

---

शेवटचा_बाक | सोमवार, सकाळी ९:१५

मी विनोद करायला आलो होतो इथे. माझ्या दोन बहिणींची हक्कसोड २०१९ ची आहे. आज ऑफिसात बसून तो कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. 'कोणत्याही मोबदल्याविना, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना' हे शब्द छापीलच असतात, नावांच्या जागा तेवढ्या रिकाम्या.

---

काळा_कोट | सोमवार, सकाळी १०:३०

धागाकर्ते, कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो. फसवून किंवा वस्तुस्थिती लपवून करून घेतलेला दस्त रद्द करायला तीन वर्षांची मुदत असते आणि ती कळल्यापासून मोजतात. त्यांना 'कधी कळलं' हे कोर्टात सिद्ध करणं हा वेगळाच डोंगर, तोही सख्ख्या भावांविरुद्ध. साठीच्या बाया ह्या वाटेला जात नाहीत. तुम्हाला नोटीस येणार नाही, निर्धास्त राहा.

हे सांत्वन म्हणून लिहिलेलं नाही.

---

हडपसरी | सोमवार, दुपारी १२:००

मग आता करायचं काय? ३१ लाख भिंतीत आहेत, भिंत थोडीच देता येते?

---

काळा_कोट | सोमवार, दुपारी १२:१०

भिंतीवर कर्ज मिळतं.

---

कोरडवाहू | वीस दिवसांनी, रविवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, माफ करा. कोणी कोणी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून.

पाचांत वाटे केले असते तर आमच्या बाजूला आत्यांचे प्रत्येकी ११ लाख २० हजार निघतात. बाकीचे काकांच्या बाजूला, आणि तिथे आता एक गंजका जेसीबी आहे. बायकोशी तीन दिवस बोलणं बंद होतं. तिचंही चूक नाही, हप्त्यात तिचा पगार जातो. वडील म्हणाले, "तू आता आम्हाला चोर ठरवायला निघालास." मग म्हणाले, "थोरलीला आधी दे. तिचं घर गळतं."

दोघींचे तीन-तीन लाखांचे धनादेश केले. उरलेले कसे नि कधी, ते लिहून देतो असं ठरवलं. काल थोरल्या आत्याकडे गेलो. जाताना मनात बरंच भाषण तयार होतं, गाडीत कुठे काय बोललो, कागदात काय होतं, सगळं सांगायचं होतं.

आत्या अंगणात ज्वारी पाखडत होती. मी कागद पुढे केला, म्हणालो, आत्या, हे तुझं आहे. तिनं हात पदराला पुसले, आत आवाज दिला, "सूनबाई, माझा चष्मा आण गं," आणि मला विचारलं,

"सही कुठं करायची?"

---

माहेरवाशीण | रविवार, रात्री ९:४१

...

---

पासबुक | रविवार, रात्री ९:५५

धनादेश तीन महिन्यांत वटवायला लावा. अशा बाया तो देवघरात ठेवतात. अनुभव आहे.

---

खाडीपल्याड | रविवार, रात्री १०:२०

धाकटीकडे कधी जाताय?

---

कोरडवाहू | रविवार, रात्री १०:२४

पुढच्या रविवारी. तिनं फोनवर सांगितलं, येताना गाडी नको, एसटीनं ये.

---

पंचगंगा_११ | मंगळवार, दुपारी २:०५

नमस्कार, नवीन सदस्य आहे. सगळा धागा वाचला नाही, वेळ कमी आहे. आमच्याकडे शक्तिपीठ महामार्गासाठी मोजणीची चर्चा आहे, पवनार ते पत्रादेवी जाणार आहे तो. गावाचा विरोध आहे, पण समजा झालाच तर तयारी असावी म्हणून विचारतो. समृद्धीला दर कसा काढला होता, कोणी सांगेल का? आणि बहिणींच्या सह्या मोजणीच्या आधी घेतलेल्या बऱ्या की नंतर?